अँथनी ट्रोलप : घड्याळ समोर ठेवून लिहिणारा नोकरदार लेखक



आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात एखादी अर्धवट राहिलेली वही आहे? कुणाची कवितांची, कुणाची गावाकडच्या आठवणींची, कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सुरू केलेलं नाटक. का राहिली असं विचारलं, की आपलं उत्तर ठरलेलं असतं : वेळच मिळत नाही हो! शाळा, वह्या-पेपर तपासणं, ऑनलाइन माहिती भरणं, घरचं सगळं. रात्री दहाला टेबलाशी बसावं तर पहिलं वाक्य सुचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. आणि गंमत बघा, हेच आपण वर्गात मुलांना मात्र रोज सांगतो : हात चालव, लवकर लिही, वेळ संपत आली.

म्हणून आज एका अशा लेखकाची ओळख करून घेऊ या, ज्याने ३३ वर्षे पोस्टखात्यात नोकरी केली आणि आयुष्यभरात ४७ कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय प्रवासवर्णने, कथा, चरित्रे ही वेगळीच. त्यांचे नाव अँथनी ट्रोलप. इंग्लंडमधील एकोणिसाव्या शतकातील हे मोठे कादंबरीकार. पण त्यांच्या वेगाची गोष्ट सांगण्याआधी त्यांच्या शाळेची गोष्ट सांगावी लागेल, कारण आपल्यासाठी खरा धडा तिथूनच सुरू होतो.

चिखलाच्या वाटेवरचा मुलगा

अँथनीचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते, हुशार होते, पण स्वभावाने तापट. पक्षकार टिकेनात. मग हॅरो गावाजवळ त्यांनी शेती करायला घेतली. शेतीची काही माहिती नव्हती, त्यामुळे तीही अंगावर आली. घरात कर्ज वाढत गेले.

अशा घरातला हा मुलगा शिकायला गेला तो हॅरोच्या नामांकित शाळेत. तिथे श्रीमंतांची मुले वसतिगृहात राहात. अँथनी मात्र रोज घरून चालत येणारा. पुढे तर घर शाळेपासून तीन मैलांवर गेले. सकाळी शाळा, दुपारी घर, परत शाळा, परत घर, अशा रोज चार फेऱ्या. वाट चिखलाची. मळलेले बूट आणि मळलेले कपडे घेऊन हा वर्गात शिरायचा, आणि मुले नाक मुरडायची. मधली तीन वर्षे तो विंचेस्टरच्या शाळेत होता. तिथे तर घरून पैसेच येईनात. या मुलाला उधारी देऊ नका असे दुकानदारांना सांगण्यात आले आणि ही गोष्ट सगळ्या मुलांना कळली. त्या वयात त्याला काय वाटले असेल, याची कल्पना आपण शिक्षक नक्कीच करू शकतो.

अभ्यासात तो मागे होता. बक्षीस कधी मिळाले नाही. शाळेत भर होता तो लॅटिन आणि ग्रीकवर. अक्षर, शुद्धलेखन, हिशेब याकडे कुणी फारसे बघितलेच नाही. शाळा सोडताना तो जवळजवळ १९ वर्षांचा होता आणि शिक्षकांच्या दृष्टीने एक निरुपयोगी मुलगा होता.

मनातली गोष्ट आणि कपाटातली वही

पण त्या मुलाकडे दोन गोष्टी होत्या, ज्या कुणाला दिसत नव्हत्या.

पहिली म्हणजे त्याची मनोराज्ये. खेळायला कुणी घेत नसे, म्हणून तो चालता चालता मनातल्या मनात गोष्ट रचायचा. आजची गोष्ट उद्या तिथूनच पुढे न्यायची. एकच गोष्ट आठवडे, महिने चालायची. त्याचा स्वतःशी एक नियम होता : अशक्य असे काही घडवायचे नाही. आपण राजा झालो, उडायला लागलो, असले काही नाही. माणसे खरीखुरी वागली पाहिजेत. म्हणजे बघा, पात्रे सांभाळणे, कथानक टिकवणे, घटनेमागे कारण ठेवणे, हे सगळे शिक्षण तो त्या चिखलाच्या वाटेवर घेत होता. वर्गात कदाचित त्याचे लक्ष नाही म्हणून बोलणी खात असेल!

दुसरी गोष्ट म्हणजे रोजनिशी. पंधराव्या वर्षी त्याने ती लिहायला सुरुवात केली आणि दहा वर्षे लिहिली. मोठेपणी, १८७० साली, ती वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी ती नष्ट करून टाकली. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली. त्या वह्यांमुळेच हाताला भराभर लिहिण्याची सवय लागली आणि मनातले सरळ कागदावर उतरवता येऊ लागले.

ही ओळ जरा थांबून मनात ठेवा. दहा वर्षे रोजचे लेखन. कुणी तपासले नाही, कुणी लाल शाईने खुणा केल्या नाहीत, कुणी गुण दिले नाहीत. पुढच्या सगळ्या वेगाचे मूळ तिथे आहे.

पहाटे चारला उठणारी आई

ट्रोलप यांची गोष्ट त्यांच्या आईशिवाय पुरी होत नाही. फ्रान्सिस ट्रोलप हे तिचे नाव. घर सावरायला म्हणून १८२७ मध्ये ती काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेली, तिथे सिनसिनाटी शहरात व्यापार करून पाहिला, तो बुडाला. १८३१ मध्ये ती परतली, पण रिकाम्या हाताने नाही. अमेरिकन लोकांच्या राहणीवर तिने जे टिपून ठेवले होते, त्याचे पुस्तक १८३२ मध्ये निघाले आणि खूप गाजले. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडलेली होती. तोवर तिचे एकही पुस्तक नव्हते!

१८३४ मध्ये कर्जामुळे सगळ्या कुटुंबाला इंग्लंड सोडून बेल्जियममधील ब्रुज शहरात जावे लागले. तिथे एक मुलगा क्षयाने अंथरुणाला खिळलेला, नवराही आजारी. ही बाई दिवसा त्यांची सेवा करायची आणि रात्री जागून कादंबरी लिहायची, कारण घर त्या लेखनावर चालत होते. तो मुलगा त्याच वर्षी गेला, पुढच्या वर्षी नवरा गेला. लेखन थांबले नाही. एरवी तिची पद्धत होती पहाटे चारला टेबलाशी बसायची आणि घर जागे होईपर्यंत दिवसाचे लेखन संपवायची. अशी तिने चाळीसहून अधिक पुस्तके लिहिली.

वेळ मिळत नाही हे वाक्य तिच्याही तोंडी शोभले असते, नाही का?

शुद्धलेखनात नापास झालेला कारकून

१८३४ च्या नोव्हेंबरात ओळखीपाळखीतून अँथनीला लंडनच्या पोस्टाच्या मुख्य कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. पगार वर्षाला ९० पौंड. परीक्षा म्हणून त्याच्या हातात एक जुनी पिसाची लेखणी दिली आणि वर्तमानपत्रातल्या काही ओळी उतरवायला सांगितल्या. त्याने शाईचे डाग पाडले आणि शुद्धलेखनाच्या चुकाही केल्या. उद्या चांगले अक्षर काढून आण, असे सांगून त्याला घरी पाठवले. त्या रात्री थोरल्या भावाला शेजारी बसवून त्याने इतिहासाच्या एका ग्रंथाची चार-पाच पाने सुवाच्य अक्षरात उतरवली. दुसऱ्या दिवशी ती पाने घेऊन गेला, तर ती कुणी बघितलीच नाहीत. त्याला सरळ एका टेबलाशी बसवले!

पहिली सात वर्षे वाईट गेली. कचेरीत उशिरा जायचा, साहेबांची बोलणी खायचा. शिंप्याचे १२ पौंडांचे बिल सावकाराच्या हाती गेले आणि फेडता फेडता २०० पौंडांच्या वर गेले. कादंबरी लिहायची असे मनात होते, पण लिहीत काहीच नव्हता. आपल्या कपाटातल्या वहीसारखीच अवस्था.

१८४१ मध्ये आयर्लंडमध्ये एक जागा निघाली. कुणालाच ती नको होती. ट्रोलप यांनी मागून घेतली. गावोगाव घोड्यावरून फिरायचे, टपालाच्या तक्रारी तपासायच्या आणि अहवाल लिहायचे, असे काम. हे काम त्यांना मानवले. अहवाल लिहिताना त्यांनी एक शिस्त लावून घेतली. आधी कच्चा मसुदा, मग पक्का, असे करायचे नाही. मनात नीट ठरवायचे आणि एकदाच लिहायचे. डाग पडला तर पडला. कचेरीच्या रुक्ष कामातही लेखक घडू शकतो, याचे हे उदाहरण.

१८४३ मध्ये त्यांनी पहिली कादंबरी सुरू केली. पुढच्या वर्षी रोझ हेसेलटाइन हिच्याशी लग्न झाले. कादंबरी पुरी व्हायला दोन वर्षे लागली आणि १८४७ मध्ये ती छापून आली. कुणी विचारले नाही. दुसऱ्या कादंबरीच्या १४० प्रती खपल्या. तिसरीही पडली. चौथी 'द वॉर्डन'. तिची कल्पना इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या मोठ्या चर्चच्या आवारात फिरताना सुचली, पण लिहून संपायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ती १८५५ मध्ये आली. त्या वर्षाअखेर हातात पडले सुमारे साडेनऊ पौंड. लेखणी उचलून तेव्हा बारा वर्षे झाली होती.

म्हणजे वेगवान लेखक म्हणून ज्यांचे नाव झाले, ते ट्रोलप चाळिशीपर्यंत हळूच लिहीत होते. वेग नंतर आला. तो कसा आला, ते आता बघू.

आगगाडी, पेन्सिल आणि पाटी

पोस्टाच्या कामासाठी त्यांना सतत आगगाडीने फिरावे लागे. (जाता जाता सांगते, रस्त्याच्या कडेला पत्रपेटी उभारायची सूचना ब्रिटिश टपालखात्यात त्यांनीच पुढे रेटली आणि १८५२ मध्ये जर्सी बेटावर तशा पेट्या उभ्या राहिल्या.) डब्यात बसून नुसते वाचण्यात तासन्‌तास जातात, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी मांडीवर ठेवायची एक छोटी पाटी करून घेतली. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने लिहायचे. गाडी हलते, तेव्हा शाई-दौत नको. पहिले काही दिवस सहप्रवाशांसमोर लिहायची लाज वाटली, मग सवय झाली. 'बार्चेस्टर टॉवर्स' ही त्यांची गाजलेली कादंबरी (१८५७) बरीचशी अशी लिहिली गेली. घरी आल्यावर रोझ तो पेन्सिलीचा मजकूर शाईने उतरवून काढायची.

पहाटेचे तीन तास

१८५९ मध्ये ते लंडनजवळच्या वॉल्थम क्रॉस इथे राहायला आले. तिथला त्यांचा दिनक्रम फार प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे घोडे सांभाळणारा एक म्हातारा नोकर होता. त्याला वर्षाला पाच पौंड जादा देऊन एक काम सांगितले होते : पहाटे कॉफी आणून मला उठवायचे, कसलीही दयामाया दाखवायची नाही. साडेपाचला ट्रोलप टेबलाशी असत. साडेआठपर्यंत लेखन संपवून, कपडे करून, न्याहारी करून पुढे दिवसभर पोस्टाची नोकरी. आपल्या यशाचे श्रेय त्यांनी या नोकराला इतर कुणाहीपेक्षा जास्त दिले.

आता त्या तीन तासांची वाटणी बघा. पहिला अर्धा तास कालचे लेखन वाचण्यात जाई. त्यामुळे भाषेचा सूर कानात बसे आणि पुढे काय, हा प्रश्न पडत नसे. मग घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे. अडीच तासांत २५०० शब्द. त्यांच्या हिशेबाने २५० शब्दांचे एक पान, म्हणजे रोजची दहा पाने.

जोडीला एक वही. नवी कादंबरी सुरू केली की तिच्यासाठी आठवडे आखायचे आणि रोज किती पाने झाली ते लिहायचे. सरासरी आठवड्याला ४० पाने. कामाच्या घाईत २० पर्यंत उतरली, एकदा ११२ पर्यंत चढली. आळस केला की ते रकाने रिकामे दिसत आणि ते रिकामे रकाने त्यांना बोचत. बाहेरचा साहेब नको, वहीच साहेब.

स्फूर्ती आल्यावरच लिहावे, हे त्यांना पटत नसे. चांभार जोडा शिवायला स्फूर्तीची वाट बघत नाही, एक जोड संपला की दुसरा हातात घेतो, तसे लेखकाने करावे असे त्यांचे मत. आणि ते तसे वागले. इजिप्तला टपालाच्या कामासाठी जाताना जहाजावर त्यांना मळमळत होते, उठून उलटी करून येत, पण पाने पुरी करत. तिथे 'डॉक्टर थॉर्न' संपवली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची कादंबरी सुरू केली. १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना जहाजाच्या खोलीत टेबल बसवून घेतले आणि आठ आठवड्यांत एक अख्खी कादंबरी लिहिली.

'फ्रॅम्ली पार्सोनेज' या कादंबरीला १८६० मध्ये १००० पौंड मिळाले. साडेनऊ पौंडांपासून इथवर पाच वर्षांत!

वेगाची दुसरी बाजू

आता कुणी म्हणेल, हे काय लेखन झाले? हा तर कारखाना. त्यांच्यावर ही टीका झालीच. १८६७ मध्ये त्यांनी पोस्टाची नोकरी सोडली, पुढे निवडणूक लढवून हरले, लिहीत राहिले आणि ६ डिसेंबर १८८२ रोजी लंडनमध्ये वारले. १८८३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. त्यात त्यांनी घड्याळ, पाने, पौंड-शिलिंग-पेन्सपर्यंतची कमाई, सगळे उघड करून सांगितले होते. अनेक वाचकांना ते आवडले नाही. कलावंताने असे हिशेब मांडावेत?

सगळ्या ४७ कादंबऱ्या सारख्या उतरल्या असे नाहीच. पण 'बार्चेस्टर टॉवर्स' आणि 'द वे वुई लिव्ह नाउ' आज दीडशे वर्षांनंतरही वाचल्या जातात. आणि दोन गोष्टी विसरू नका. एक, लिहिण्याआधी ते पात्रांबरोबर मनात राहात. चालताना, घोड्यावर असताना ती माणसे कशी बोलतील, कशी रागावतील याचा विचार सुरूच असे. लहानपणची मनोराज्येच ती! टेबलाशी बसल्यावर सुचायची वाट बघायची नसे, सुचलेले उतरवायचे असे. दोन, छापायच्या आधी ते लेखन तीनदा वाचत आणि छापताना पुन्हा एकदा. लिहिणे वेगात, तपासणे सावकाश, आणि दोन्ही एकाच वेळी नाही.

आणखी एक गोष्ट एक बाई म्हणून सांगावीशी वाटते. ट्रोलप यांना पहाटे कॉफी आणून देणारा नोकर होता आणि मजकूर उतरवून देणारी रोझ होती. पुढे हात दुखायला लागला तेव्हा पत्नीची भाची फ्लोरेन्स ब्लँड त्यांचे तोंडी सांगितलेले लिहून घ्यायची. त्यांच्या आईला यातले काही नव्हते. तेव्हा घरातल्या कुणाला लिहायचे असेल तर त्या व्यक्तीचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा लागतो. पालकहो, ही गोष्ट जरूर लक्षात घ्या.

आपण काय घ्यायचे?

मी कबूल करते, अनेक वर्षे मीही मनगटावरचे घड्याळ दाखवत वर्गात फिरले आहे. हळू लिहिणाऱ्या मुलांच्या बाकाशी उभी राहून भरभर, भरभर म्हटले आहे. त्याने त्यांचा हात आणखी आखडला. ट्रोलप वाचल्यावर माझी चूक कळली. घड्याळ त्यांच्यापुढे आले ते शेवटी, आणि त्यांनी स्वतः आणले. त्याआधी दहा वर्षांची न तपासलेली वही होती. आपण मुलांना वही न देताच घड्याळ दाखवतो.

म्हणून वर्गात आणि घरी एवढे करून बघा :

१. रोज दहा मिनिटे मुक्त लेखन. या वहीला लाल शाई लावायची नाही.

२. लिहायच्या आधी पाच मिनिटे शेजाऱ्याला तोंडी सांगू द्या. मनात तयार असलेले हात पटकन उतरवतो.

३. कालचे लिहिलेले मोठ्याने वाचून मगच आजचे सुरू करायचे.

४. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे लावा. शब्द मुलाने स्वतः मोजायचे, वहीच्या मागे लिहायचे. तुलना फक्त स्वतःच्या मागच्या आकड्याशी, शेजाऱ्याच्या नाही.

५. चुका शोधणे दुसऱ्या दिवशी. लिहिता लिहिता खोडायचे नाही.

आणि आपल्यासाठी एक छोटा हिशेब. २५०० शब्द सोडा. पंधरा मिनिटांत १०० शब्द तर होतील? वर्षात २०० दिवस लिहिले तरी २०,००० शब्द होतात. कपाटातली ती अर्धवट वही पुरी व्हायला तेवढे पुष्कळ आहेत.

आज वर्गात एखादा मुलगा खिडकीबाहेर बघत बसलेला दिसला, तर लगेच ओरडू नका. जवळ जाऊन हळूच विचारा, काय चाललंय मनात, पुढे काय झालं? कदाचित त्याची गोष्ट बरीच पुढे गेलेली असेल, फक्त कुणी ऐकायला नसेल.